मी तिच्या पायाचा नव्हतो

माझी जीभ मधोमध फाटली आहे, तळ एका बाजूने घासून गुळगुळीत झालाय आणि नाडी दुसऱ्याच कुठल्यातरी बुटाची आहे. तरीही सांगायचं ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. मी एक बूट. धावण्याचा, डाव्या पायाचा. माझा जुळा भाऊ उजवा इथेच शेजारी लटकलाय, पण तो बोलायचा नाही. चारचौघांत घरची गोष्ट काढलेली त्याला आवडत नाही.

मला मात्र लपवाछपवी जमत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी वाईट बूट नव्हतो. शिवण पक्की, रंग गडद निळा, वजनाला हलका. दुकानात लोक मान वळवून माझ्याकडे बघायचे. पण ज्या पायांत मी गेलो, त्या पायांचा मी नव्हतो. आणि हे त्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं.

कारखान्यात सरकत्या पट्ट्याच्या एका लांबलचक टेबलावर मी तयार झालो. माझ्या तळात, आतल्या बाजूला, टाचेपासून पायाच्या कमानीपर्यंत एक कडक राखाडी पट्टी बसवली गेली. ती बसवणारी बाई नवीन होती. तिने शेजारणीला विचारलं, "ही पट्टी कशाला हो?"

"काही जणांचा पाय धावताना आत कलतो. त्यांना आतून आधार हवा."

"आणि ज्यांचा बाहेर कलतो ते?"

"ते पलीकडच्या टेबलावरचे घेतील. तू तुझं काम कर बाई, पट्टा पुढे चाललाय."

तेवढं बोलणं मी मनात जपून ठेवलं. बुटाला शाळा ती केवढी! माझं सगळं शिक्षण त्या दोन वाक्यांत झालं.

मग खोका, मग ट्रक, मग दुकानाचं कपाट. आणि एका दुपारी त्या दोघी बहिणी आल्या.

थोरलीला सगळे ताईच म्हणत, दुकानदारसुद्धा दोन मिनिटांत म्हणायला लागला. ती अग्निशमन दलात होती. खांदे रुंद, आवाज असा की हळू बोलली तरी हुकूम वाटावा. धाकटीचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव, ते मोठेपणीही चिकटून राहिलं. भिंगरीलाही त्याच दलात जायचं होतं. शिडी चढणं, दोर धरणं, वजन खांद्यावर घेऊन पळणं, सगळं तिला जमत होतं. अडत होतं एकाच ठिकाणी. दोन किलोमीटर दहा मिनिटांच्या आत. दोन वर्षं ती त्यातच नापास झाली होती, आणि वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष होतं. ह्या वर्षी नाही तर कधीच नाही.

"हाच काढा," ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "अगदी हाच. ह्याच बुटावर मी भरती झाले. अजून हाच वापरते."

चष्मेवाला विक्रेता नम्रपणे म्हणाला, "पण धावणार कोण, ताई?"

"ही. बहीणच आहे ना माझी! एका हाडामांसाच्या आम्ही."

तरीही त्याने भिंगरीला धावायच्या मशीनच्या पट्ट्यावर उभं केलं. मागे छोटा कॅमेरा होता, पाय कसा पडतो ते बघायला. युक्ती चांगली होती हो. पण ताई शेजारी उभी होती ना! "मान वर. पाय सरळ टाक. बदकासारखी फेंगडी पळू नकोस, फोटो निघतोय."

झालं! शाळेत तपासणीला साहेब आले की सगळा वर्ग कसा हाताची घडी घालून बसतो, तसे भिंगरीचे पाय वागायला लागले. एरवी तिच्या बापजन्मात ती तशी पळाली नसेल. विक्रेत्याने पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "दिसतंय तर सगळं व्यवस्थित. फक्त एक, हा आधाराचा बूट आहे, म्हणजे ज्यांचा पाय…"

"आधाराचा आहे ना? मग उत्तमच! आधार कुणाला नको असतो?" ताई म्हणाली, आणि विषय मिटला.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ताईच्या डोळ्यांत मी तेव्हा जे बघितलं ते निव्वळ प्रेम होतं. आपल्याला जे फळलं तेच आपल्या माणसाला द्यावं, एवढा सरळ विचार. मलाही अभिमान वाटला. खोक्यात पडल्या पडल्या मी उजव्याला म्हणालो, "आपण हिला भरती करायची. काय वाट्टेल ते होवो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर भिंगरी एकटीच धावली. ताई कामावर होती. आणि पहिल्याच फेरीत मला चूक कळली.

भिंगरीच्या पायाची कमान उंच होती. पाय टेकला की तो बाहेर कलायचा, करंगळीच्या बाजूला. ती तिची जन्मजात चाल होती, त्यात काही पाप नव्हतं. तिला हवा होता मऊ, सगळीकडून सारखा तळ. आणि माझ्याकडे काय होतं? आतल्या बाजूला ती कडक पट्टी! तिचा पाय आधीच बाहेर चाललेला, आणि मी आतून त्याला आणखी बाहेर ढकलतोय. पावलागणिक. एका फेरीत शेकडो वेळा.

पंधरा दिवसांत तिचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखायला लागला. दोन किलोमीटरला दहा मिनिटं चाळीस सेकंद लागायची, आणि शेवटच्या फेरीला ती लंगडायची. घोट्यापाशी मी तिची शीर उडताना अनुभवत होतो. कधीकधी ती कठड्याला धरून उभी राहायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची. "तुझ्यातच दम नाही," असं म्हणायची. माझ्यामुळे! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

एकदा धीर करून तिने ताईला विचारलं, "ताई, बूट तर नसेल ना चुकीचा?"

"नाचता येईना अंगण वाकडं!" ताई उसळली. "हाच बूट घालून मी साडेनऊ मिनिटांत आले होते. पाय सरळ टाकायला शीक. बूट काय करणार त्याला?"

भिंगरीने नाड्या पुन्हा आवळल्या. ताईने तिला वाढवलं होतं, तिच्यासाठी स्वतःच्या सुट्ट्या मैदानावर घालवल्या होत्या. तिच्यापुढे कोण बोलणार? आणि ती पाय सरळ टाकायला शिकायला लागली. म्हणजे काय, तर माझ्यासाठी स्वतःची चाल मोडायला लागली. बुटासाठी पाय कापायचा प्रकार! त्याने गुडघ्याबरोबर कंबरही धरली.

त्या दिवशी मी निश्चय केला. हिने मला पायातून काढून टाकलं पाहिजे. एक बूट आपल्या मालकिणीने आपल्याला टाकावं म्हणून धडपडतोय, असं कुणी ऐकलंय का? पण मी धडपडलो. बोलता येत नाही, चालता येत नाही, चावायचं म्हटलं तर टाचेला फोड आणणं माझ्या तत्त्वात बसत नाही. माझ्याकडे एकच गोष्ट होती, झिजणं. बुटाचा तळ खोटं बोलत नाही. माणूस जसा चालतो तसा तो झिजतो. म्हणून मी ठरवलं, बाहेरची कड जेवढी झिजते तेवढी झिजू द्यायची. मुळीच चिवटपणा करायचा नाही.

उजवा घाबरला. "अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची! उगाच आपलीच बदनामी कशाला?"

"गुडघा तिचा जातोय आणि तुला बदनामीची पडलीय?" मी म्हणालो. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण झिजायला मात्र लागला, माझ्याइतका नाही, तरी लागला. शेवटी रक्ताचं नातं. म्हणजे, रबराचं.

महिन्याभरात बाहेरची कड खळगा पडावा इतकी घासली. मला वाटलं, आता कुणी आंधळाही ओळखेल. पण ताईची एक शिस्त मी हिशेबात धरली नव्हती. दलात दर आठवड्याला सगळ्या सामानाची तपासणी होते. नळी कुठे विरली, पट्टा कुठे सुटला, दिसलं की तिथल्या तिथे दुरुस्ती. ताईने ती सवय घरीही आणली होती. खळगा दिसल्यापासून दर रविवारी ती आम्हाला वर्तमानपत्रावर ठेवायची, ब्रशने घासायची, आणि झिजलेल्या कडेवर रबराचा तुकडा चिकटवून कानशीने सपाट करायची. नळ्या सांधायचा डिंक तिच्याकडे असायचा. काम इतकं सफाईचं की सांधा दिसू नये.

आठवडाभर मी जीव तोडून पुरावा तयार करायचा, आणि रविवारी ताईने तो मायेने मिटवून टाकायचा. असे सहा रविवार गेले. "बघ कसे नव्यासारखे झाले," ती म्हणायची. मी मनातल्या मनात ओरडायचो, अगं बाई, कुठे झिजलंय ते बघ ना! किती झिजलंय ते बघू नकोस!

परीक्षेला तीन आठवडे उरले. त्या सकाळी तिसऱ्या फेरीला मी चंग बांधला. ताईने लावलेला तुकडा वळणावर एका खड्याला घासला, आणि मी तो सोडून दिला. खरंच सोडून दिला. तो उडून गवतात पडला आणि भिंगरी धडपडली. तिला लागलं नाही, देवाची कृपा, पण ती मैदानाच्या फाटकापर्यंत लंगडत गेली. तिथे छत्रीखाली बूट-चपला दुरुस्त करणाऱ्या एक बाई बसायच्या. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाआधी टाचेकडे बघायच्या, म्हणून सगळे त्यांना टाचमावशी म्हणायचे.

"मावशी, एवढा तुकडा चिकटवून द्या ना पटकन."

टाचमावशींनी मला हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. अंगठा बाहेरच्या कडेवरून फिरवला. मग त्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी लाकडी फळीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. मी बाहेरच्या बाजूला कललो. उजवाही कलला, लाजत लाजत.

"हे चिकटवायचं नाही," मावशी म्हणाल्या.

"का? मी दुसरीकडे जाते मग."

"जा की. पण त्याआधी माझं एक काम कर. सुई मोडलीय माझी. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन ये. अशीच अनवाणी जा, आणि पळत जा, काम खोळंबलंय."

भिंगरी पळाली. सुई आणायचं तिच्या डोक्यात, पायांकडे तिचं लक्षच नव्हतं. आणि मावशी छत्रीखालून टक लावून तिचे पाय बघत होत्या. ती परत आली तेव्हा मावशींच्या पुढ्यात धडधाकट सुई पडलेली होती.

"मावशी! ही काय, आहे की!"

"असू दे. माणूस बघणाऱ्यापुढे वेगळं पळतं आणि कामाला वेगळं. मला कामाचं बघायचं होतं." त्यांनी बाटलीतलं पाणी तिच्या पावलावर ओतलं आणि पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "पाय ठेव. आता काढ. काय दिसतं?"

पुठ्ठ्यावर टाच एकीकडे, चवडा एकीकडे, आणि दोघांमध्ये बाहेरच्या कडेला सुतासारखी बारीक रेघ.

"तुझा पाय बाहेर कलतो. हा बूट आत कलणाऱ्याचा. हा चांगला आहे गं, पण तुझा नाही. कोणी घ्यायला लावला?"

"ताईने. तिला चालतो म्हणून…"

"तिचा पाय तिच्यापाशी." मावशींनी मला भिंगरीच्या हातात दिलं. "असाच घेऊन जा आणि तिला दाखव. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

घरी जाईपर्यंत भिंगरीने मला छातीशी धरलं होतं. गुडघ्यापेक्षा तिला ताईची भीती जास्त होती. भीतीही म्हणता येणार नाही. ताईचं प्रेम परत केल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी ताई कामावरून आली. भिंगरीने आम्हाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं.

"ओट्यावर बूट? डोकं ठिकाणावर आहे का?"

"ताई, नुसतं बघ."

मी कललो. ताईने मला बोटाने सरळ केलं. मी पुन्हा कललो. तिने पुन्हा सरळ केलं, जरा जोरात. मी पुन्हा कललो. माझ्या आयुष्यात मी एवढा हट्ट कधी केला नव्हता. जित्याची खोड म्हणतात ना, ती ह्या वेळी कामाला आली.

"तुकडा पडला म्हणून कललाय. आण डिंक."

"तुकडा का पडतो ताई? सहा वेळा एकाच जागी का लावावा लागतो?" भिंगरी ह्या वेळी थांबली नाही. "गुडघाही त्याच बाजूने दुखतो. मावशींनी मला पळायला लावून बघितलं."

"रस्त्यावरची बाई आता मला बूट शिकवणार!" ताईचा आवाज चढला. ती पाय आपटत दाराशी गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती परत आली ती स्वतःचे बूट घेऊन. माझ्याच जातीचे, माझ्याच रंगाचे, फक्त म्हातारे. "हे बघ. ह्यांना कधी तुकडा लावला नाही मी," असं म्हणत तिने ते आमच्या शेजारी ठेवले.

ताईचे बूट आत कलले. आम्ही बाहेर. ओट्यावर चार बूट, दोन एकीकडे वाकलेले, दोन दुसरीकडे.

ताई बघतच राहिली. मग तिने मला उचललं, माझ्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि खाली बसली.

"दर रविवारी मी तुझं दुखणं चिकटवून टाकत होते गं," ती म्हणाली. अख्ख्या दलाला धाकात ठेवणारी ताई रडत होती. "आणि वर तुलाच बोल लावत होते."

"तुला कुठे माहीत होतं?"

"तू विचारलं होतंस. मी ऐकलं नाही." तिने डोळे पुसले. मग एकदम उठली. ताई ती ताईच. "चप्पल घाल. दुकान उघडं असेल अजून. तीन आठवडे आहेत आपल्याकडे."

आम्हाला पिशवीत टाकून त्या दुकानात गेल्या. चष्मेवाल्याने आमचे तळ बघितले आणि कपाळावर हात मारला. ह्या वेळी भिंगरी पट्ट्यावर चढली तेव्हा ताई आपणहून दुकानाबाहेर जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. एकदाही वळली नाही. भिंगरी पळाली, जशी पळते तशी, जरा फेंगडी. चष्मेवाल्याने चार जोड काढले. मऊ, सारख्या तळाचे, आत पट्टी नसलेले. भिंगरीने धावायचे मोजे घालून प्रत्येक जोड घातला, पुढे अंगठ्याएवढी जागा राहते का ते दाबून बघितलं, दुकानात आणि फुटपाथवर पळून बघितलं. तिसऱ्या जोडाला ती थांबली आणि म्हणाली, "ह्यात पाय आहे असं वाटतच नाही."

तो जोड पिवळा होता, भडक. खरं सांगू? मला वाईट वाटलं. माझं ध्येय साध्य झालं होतं, तरी वाटलं. माझ्यात पाय आहे हे तिला प्रत्येक पावलाला कळायचं, आणि तेच तर माझं अपयश होतं.

आठवडाभर ताईने तिला धावू दिलं नाही, गुडघा शेकला, मग हळूहळू सुरुवात केली. परीक्षा त्याच मैदानावर होती; त्या सकाळी ताईने आम्हाला पिशवीत घेतलं, कारण गिऱ्हाइकांना दाखवायला मावशींनी हा जोड मागून ठेवला होता. पिशवीची चेन अर्धी उघडी होती. मला दिसत काहीच नव्हतं, पण मला बघायची गरज नव्हती. पन्नास पावलांतून मी तिचं पाऊल ओळखतो. पहिली फेरी, आवाज सारखा. दुसरी, सारखा. शेवटच्या फेरीला, जिथे ती नेहमी लंगडायची, त्या वळणावर मी शिवणी आवळून ऐकत होतो.

सारखा! टप, टप, टप, सारखा!

"पळ भिंगरे! तुझ्या चालीने पळ!" ताई ओरडली. तिच्या हातातलं घड्याळ वाजलं. नऊ मिनिटं एकोणपन्नास. मग कुणीतरी पिशवीवरच येऊन आदळलं, दोन बहिणींच्या मिठीत मी चेपून गेलो, आणि माझी जीभ फाटली ती तेव्हा. त्याचं मला काही वाटत नाही.

तेव्हापासून मी टाचमावशींच्या छत्रीखाली खिळ्याला लटकतो. रोज कुणी ना कुणी येतं. मित्राने घेतला म्हणून, खेळाडूने घातला म्हणून, रंग आवडला म्हणून बूट घेतलेलं. गुडघा धरून येतं आणि विचारतं, तुकडा लावता का? मावशी मला खाली काढतात, फळीवर ठेवतात, मी कलून दाखवतो. मग त्यांची सुई मोडते. माझं एवढंच सांगणं आहे, बूट घ्यायला जाल तेव्हा जुना जोड बरोबर न्या आणि त्याचा तळ बघा. दुसऱ्याचं कितीही प्रेम असलं तरी पाय तुमचाच न्या.

परवा फाटकापाशी लाल गाडी थांबली. भिंगरी उतरली, गणवेशात, पायांत दलाचे जाडजूड बूट. बुटात घालायचा मऊ तळ मावशींकडून कापून घ्यायला आली होती. मला बघून तिने खिळ्यावरून काढलं, माझी उसनी नाडी नीट बांधली.

गाडीतून एकाने विचारलं, "तुझे आहेत का गं ते?"

"छे," ती म्हणाली, "हा माझा कधी नव्हताच." मग माझ्या झिजलेल्या कडेवर तिने अंगठा ठेवला, अगदी ताईने ठेवला होता तिथे. "पण सगळे माझंच चुकतंय म्हणत होते ना, मीसुद्धा, तेव्हा माझ्या बाजूने एवढा एकटाच होता."

तिने मला परत खिळ्याला अडकवलं आणि गाडीकडे पळत गेली. जरा फेंगडी.